बैल अस्सल निघाला तर?

लंडनमधल्या हॅरोहून एका वाचकाचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालेत म्हणून नाही छापत. पत्र लांब आहे, कामाचं तेवढं इथे देते:

"ताई, दिवाळीत बाबांची पंच्याहत्तरी आहे. त्यांनी जन्मभर ठाण्याच्या शाळेत इतिहास शिकवला, आमच्याकडे जेवताना पण सुमेर आणि हडप्पाच्या गप्पा असायच्या. इथे एका डीलरकडे मेसोपोटेमियाचा ब्राँझचा बैल विकायला आहे. उभा, ११ सेंटिमीटर लांब, भरीव ओतीव, वजन ९०० ग्रॅम, काळ इ.स.पू. २५००, किंमत ६५०० पाउंड. सोबत सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी, थर्मोल्युमिनेसन्स टेस्टचा लॅब रिपोर्ट आणि 'जुन्या स्विस फॅमिली कलेक्शनमधून' असं एक पत्र. ३०० पाउंड टोकन देऊन ठेवलंय. बायको म्हणते नकली आहे, पैसे पाण्यात जाणार. मला वाटतं अस्सल आहे. बॅगेत टाकून ठाण्याला नेईन म्हणतो. अस्सल-नकली कसं ओळखायचं, आणि इन्व्हेस्टमेंट म्हणून कसा आहे?"

तर दादा, तुमच्या घरातलं भांडण अस्सल की नकली यावर चाललंय, आणि मला विचाराल तर त्यात वहिनी जिंकल्या तर फक्त पैसे जातील, तुम्ही जिंकलात तर खरी पंचाईत आहे. बैल नकली निघाला तर साडेसहा हजार पाउंडांची वस्तू शोकेसमध्ये बसेल, दर दिवाळीला त्यावरून टोमणे बसतील, विषय संपला. पण अस्सल निघाला आणि कागद धड नसले तर तो इराक किंवा सिरियातल्या कुठल्यातरी थडग्यातून नाहीतर देवळाच्या पायातून चोरून उकरलेला असण्याचीच शक्यता जास्त, मग पैसे जातात, बैल पण जातो आणि वर पोलिसांना काय सांगायचं तो प्रश्न. म्हणून अस्सल आहे का हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. पहिला प्रश्न हा की तो जमिनीतून कधी आणि कुठून निघाला, आणि तिथून लंडनला कोणत्या कागदावर आला.

तरी तुम्ही विचारलंय म्हणून आधी तुमच्या कागदांकडेच बघू, कारण त्यात एक मजा आहे.

थर्मोल्युमिनेसन्स म्हणजे टीएल टेस्ट ही भाजलेल्या मातीची टेस्ट आहे. माती शेवटची कधी तापली त्याचा अंदाज त्यातून येतो, म्हणून मडकी, मातीच्या मूर्ती यांना ती उपयोगी. धातूला त्याचं काही देणंघेणं नाही. ब्राँझची मूर्ती पोकळ असेल, म्हणजे आत मातीचा गाभा ठेवून त्यावर मेण, मेणावर परत माती असं करून ओतलेली असेल आणि तो आतला गाभा थोडाफार शिल्लक असेल, तर त्या मातीचं वय काढता येतं. आता तुमच्या डीलरने स्वतःच लिहिलंय की बैल भरीव आहे. भरीव बैलाच्या पोटात माती आली कुठून? आणि माती नाही तर लॅबने नक्की काय मोजलं? एकतर रिपोर्ट दुसऱ्याच कशाचा तरी आहे, नाहीतर घरी टाइप केलाय. हा एकच प्रश्न त्याला विचारा, उत्तर काय येतं ते बघण्यासारखं असेल.

सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटीबद्दल काय बोलायचं. ते डीलरनेच डीलरला दिलेलं असतं. त्यावर सोनेरी शिक्का असतो आणि बरेचदा "आमच्या मते" असे दोन शब्द बारीक अक्षरात असतात, पुढे कोर्टात गेलंच तर तेच दोन शब्द त्याला वाचवतात.

धातूची टेस्ट म्हणाल तर एक्सआरएफ नावाचं पिस्तुलासारखं मशीन असतं, वस्तूला धक्का न लावता पृष्ठभागावर कोणते धातू किती ते सांगतं. इ.स.पू. २५०० च्या आसपास त्या भागात तांबं असायचं, तांब्यात आर्सेनिक असायचं, आणि कथील घातलेलं खरं ब्राँझपण तेव्हा वापरात आलं होतं. पण मशीनने भरपूर जस्त दाखवलं, म्हणजे थोडक्यात पितळ निघालं, तर सुमेर, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियाची ती जुनी संस्कृती, विसरा. उलट मात्र खरं नाही हं, जस्त नाही म्हणजे अस्सल असं होत नाही, जुनं तांबं वितळवून नवीन बैल ओतणारे कारागीर पण आहेत जगात. मग गंज बघतात. खरा जुना गंज धातूतूनच वाढलेला असतो, वर हिरवा थर, त्याखाली लालसर तपकिरी थर, आणि तो धातूच्या कणाकणांच्या मधे शिरलेला, मायक्रोस्कोपखाली दिसतो. नकली हिरवा रंग वरून चिकटवलेला असतो, अ‍ॅसिटोनच्या बोळ्याला लागून येतो. हे काम कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुन्या वस्तू तपासून जपणाऱ्या तज्ज्ञाचं आहे, तुम्ही स्वयंपाकघरात नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन बसू नका, कारण बैल अजून तुमचा नाही, आणि अस्सल असलाच तर तुम्ही त्याची वाट लावाल. फोटोवरून तर कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. फोटो बघून छातीठोक सांगणारा भेटला तर त्याच्यापासून पण लांब राहा.

बरं, अस्सल वस्तू कुठून येतात हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. दक्षिण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, नद्या, गाळ, खजूर, बोरू सगळं भरपूर, पण धातूची खाण एकही नाही. तांबं यायचं मगानहून म्हणजे ओमानकडून, बहरीनच्या म्हणजे दिलमुनच्या वाटेने, आणि कथील आणखी पूर्वेकडून. (बाबांना विचारा, सार्गॉन राजाने आपल्या अक्कड शहराच्या धक्क्याला मेलुहा, मगान आणि दिलमुनच्या बोटी लागतात म्हणून फुशारकी मारली होती, आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याकडचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात.) आणि तांब्याच्या धंद्यात फसवाफसवी तेव्हापासूनची आहे बरं का, ब्रिटिश म्युझियममध्ये उर शहरातली साधारण इ.स.पू. १७५० ची मातीची पाटी आहे, त्यात नन्नी नावाचा गिऱ्हाईक ईआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्यावर खवळलाय की मला हलकं तांबं गळ्यात मारलंस, वर माझ्या माणसाशी उर्मटपणे बोललास.

तर धातू असा लांबून विकत आणलेला, महागडा, म्हणून मोडकं काही फेकायचे नाहीत, परत भट्टीत टाकायचे. त्यामुळे त्या काळातली धातूची जनावरं जी उरली ती मुख्यतः परत भट्टीपर्यंत पोचलीच नाहीत अशी, म्हणजे थडग्यात पुरलेली, देवळाच्या पायात ठेवलेली, नाहीतर एखादी इमारत कोसळली तिच्याखाली गाडली गेलेली. उरजवळ तेल अल-उबैद म्हणून जागा आहे, तिथे निन्हुरसाग देवीचं देऊळ होतं. १९१९ मध्ये हॉल आणि नंतर १९२३-२४ मध्ये वूली या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी तिथे खणलं तेव्हा तांब्याचे बैल सापडले, लाकडाच्या सांगाड्यावर डांबर थापून त्यावर तांब्याचे पत्रे ठोकून केलेले. तिथलाच तो मोठा तांब्याचा फलक, सिंहाच्या तोंडाचा गरुड आणि दोन्ही बाजूंना फाटे फुटलेल्या शिंगांची हरणं, जवळजवळ अडीच मीटर रुंद. पुढच्या असिरियन काळातले ब्राँझचे सोळा सिंह एकोणिसाव्या शतकात लेयार्ड या ब्रिटिश उत्खनकाला उत्तर इराकमधल्या निमरूदला मिळाले, ती चक्क वजनं आहेत, पाठीवर कडी, अंगावर राजाचं नाव आणि वजनाचा आकडा, कीलाक्षरातही आणि अरॅमेकमध्येही. या प्रत्येक जनावराला पत्ता आहे. कोणी खणलं, कोणत्या साली, कुठल्या भिंतीपाशी, सोबत काय होतं. तुमच्या बैलाचा पत्ता काय, तर "जुनं स्विस कलेक्शन".

पत्ता गेला की काय होतं याचं मला सगळ्यात जास्त चटका लावणारं उदाहरण पण जनावरांचंच आहे, आणि ते पण असेच विकायला आले होते. ब्राँझचे दोन सिंह, वीतभरही उंच नाहीत, पुढचा अर्धा भाग डरकाळी फोडणारा सिंह आणि मागचा निमुळता होत खिळा झालेला. असे खिळे देवळाच्या पायात ठोकायचे. १९४८ मध्ये बाजारातून एक गेला पॅरिसला लूव्ह्रमध्ये आणि एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. लूव्ह्रच्या सिंहाबरोबर एक दगडी पाटी पण आली, तिच्यावरचा लेख हुरियन भाषेतला सगळ्यात जुना समजला जातो. त्यात म्हटलंय की उर्केशचा राजा तिश-अताल याने हे देऊळ बांधलं, देव त्याचं रक्षण करो आणि जो ते मोडेल त्याला देव मोडो. म्हणजे राजाचं नाव आहे, शहराचं नाव आहे, देवाचं नाव आहे, शिव्याशाप पण आहेत, फक्त हे शहर कुठे ते कोणाला माहीत नाही! कारण ज्याने उकरलं त्याने जागा सांगितली नाही, कशाला सांगेल, आणि विकणाऱ्याने विचारली नाही. सिरियात आमुदा गावाच्या आसपास कुठेतरी अशी नुसती कुजबुज. १९८४ पासून पुरातत्त्वज्ञ बुचेलाती पती-पत्नी तिथल्या तेल मोझान नावाच्या टेकाडावर खणत होते, आणि उर्केशचा राजा तुपकिश याचं नाव असलेले मुद्रांचे ठसे मिळाल्यावर १९९५ मध्ये जाहीर झालं की उर्केश म्हणजे हेच. १९४८ ते १९९५. तोपर्यंत एक अख्खं राजधानीचं शहर दोन म्युझियमच्या काचेत होतं आणि नकाशावर नव्हतं. आणि त्या सिंहांबरोबर निदान नाव तरी होतं. तुमच्या बैलाबरोबर तेही नाही. एकदा तो असा सुटा झाला की तो कुठल्या देवळातला, कोणी वाहिलेला, शेजारी काय पुरलं होतं हे कायमचं गेलं, तुम्ही बाबांना देणार ते ९०० ग्रॅम धातू, आणि बाबा इतिहासाचे मास्तर आहेत, हातात घेऊन पहिला प्रश्न तोच विचारतील, कुठे सापडला?

आता कायदा. हे जरा नीट वाचा कारण तुम्ही राहता लंडनमध्ये.

१९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, त्यावर निर्बंध आले, आणि त्या दशकात इराकमधल्या जुन्या टेकाडांची लूट सुरू झाली. मग एप्रिल २००३. बगदाद पडलं आणि तिथलं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं, सुमारे पंधरा हजार वस्तू गेल्या. अक्कडच्या नराम-सिन राजाच्या काळातला बसेत्कीचा तांब्याचा पुतळा, दीडशे किलोच्या आसपासचा, तो पण नेला, नोव्हेंबरमध्ये मैल्याच्या एका खड्ड्यात लपवलेला मिळाला. पण म्युझियममधल्या वस्तूंची निदान यादी तरी असते. दक्षिणेत उम्मासारख्या जागा तर टोळ्यांनी अक्षरशः चाळणी करून टाकल्या, तिथून काय गेलं याची कसली यादी असणार, कोणी बघितलंच नव्हतं ना आधी. म्हणून २२ मे २००३ ला सुरक्षा परिषदेने ठराव १४८३ केला, ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर आलेल्या पुरावस्तूंचा व्यवहार सगळ्या देशांनी बंद करायचा आणि वस्तू परत करायच्या. २०१५ मध्ये ठराव २१९९ ने सिरियासाठी १५ मार्च २०११ ही तारीख धरून तेच केलं. ब्रिटनने २००३ मध्येच आपला ऑर्डर काढला, आणि त्यातली मेख अशी होती की वस्तू चोरीची आहे हे मला माहीत नव्हतं आणि संशय यायला काही कारणही नव्हतं हे ज्याच्याकडे वस्तू सापडली त्यानेच सिद्ध करायचं. ब्रेक्झिटनंतर नियम नव्याने लिहिले गेले तरी असा व्यवहार गुन्हा आहेच. आणि संशय यायला कारण नव्हतं हे तर तुम्ही आता म्हणूच शकत नाही, मला पत्र लिहून बसलात!

हे कागदावरचं नाही, तुमच्या शहरातच झालंय. मे २००३ मध्ये लंडनमधल्या एका डीलरकडून पोलिसांनी आठ वस्तू जप्त केल्या, मालकीचे कागद त्याला दाखवता आले नाहीत. बरीच वर्षं त्या पोलिसांकडे पडून होत्या, मग ब्रिटिश म्युझियमला दाखवल्या. त्यात मातीचे तीन शंकू होते, भिंतीत बसवायचे, आणि त्यांच्यावर देवळाचं नावच लिहिलेलं, गिर्सू शहरातलं निन्गिर्सू देवाचं देऊळ. योगायोग बघा, म्युझियमचीच टीम तेव्हा गिर्सूला, म्हणजे आजच्या तेल्लोला, खणत होती, तिथे लुटारूंनी पाडलेले खड्डे होते आणि खड्ड्यांच्या आसपास तसेच शंकू फुटून पडलेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आठही वस्तू इराकला परत गेल्या. त्यात बसलेल्या जनावराच्या आकाराचा एक छोटा संगमरवरी ताईत पण होता, तुमच्या बैलाच्या नात्यातलाच म्हणा.

आणि ते "जुन्या कलेक्शनमधून" वालं पत्र. गिलगामेशच्या स्वप्नाची पाटी म्हणून एक प्रकरण गाजलं होतं, गिलगामेश महाकाव्याचा एक तुकडा असलेली मातीची पाटी. २००३ मध्ये एका अमेरिकन डीलरने ती लंडनमधूनच घेतली, पोस्टाने अमेरिकेत नेली, आणि पुढे विकताना सोबत पत्र जोडलं की ही १९८१ च्या एका लिलावात जुन्या ब्राँझच्या तुकड्यांच्या पेटीत मिळाली होती. पत्र खोटं. पण त्या पत्रावर पाटी हातोहात पुढे सरकली आणि २०१४ मध्ये हॉबी लॉबी या अमेरिकन कंपनीने ती सोळा लाख चौऱ्याहत्तर हजार डॉलरला घेतली, बायबलच्या म्युझियमसाठी. २०१९ मध्ये सरकारने जप्त केली, २०२१ मध्ये इराकला परत. ही कंपनी साधी नाही, वकिलांची फौज असलेली, तिला एका पानाच्या पत्राने गंडवलं. तुमच्या पत्रावर तर, तुम्ही लिहिलंय त्यावरून, फॅमिलीचं नावही नाही.

आपल्याकडे शेत घेताना आधी सातबारा बघतो, फेरफार बघतो, आजोबांच्या नावावर कधी चढलं, वाटणी कधी झाली, बोजा आहे का. तसंच बघायचं इथे. मालकी हातोहात कशी आली याची साखळी, आणि त्या साखळीतली निदान एक कडी १९९० च्या आधीची, लेखी, तपासता येण्यासारखी. म्युझियमवाले तर १९७० च्या आधीची मागतात, कारण त्या वर्षी युनेस्कोचा करार झाला. म्हणजे जुनं बिल, जुना लिलावाचा कॅटलॉग ज्यात हाच बैल फोटोसकट आहे, घरातला जुना फोटो ज्यात तो मागे शेल्फवर दिसतोय, विम्याचे कागद, आयात-निर्यातीचे कागद. एवढं नाही तर एक तरी. "बघा विश्वास ठेवा" हा कागद नाही.

इन्व्हेस्टमेंटचं विचारलंत ना, त्याचं उत्तर पण इथेच आहे. २००७ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला ग्वेनॉल सिंहीण नावाची एक मूर्ती विकली गेली, सव्वातीन इंच फक्त, दगडाची, पाच हजार वर्षांपूर्वीची, एलामची म्हणजे मेसोपोटेमियाच्या शेजारची. ५ कोटी ७२ लाख डॉलर! लोक हा आकडा ऐकतात आणि आपला बैल पण असा निघेल म्हणतात. पण ती सिंहीण १९४८ पासून ब्रुकलिन म्युझियममध्ये सगळ्यांसमोर होती, अभ्यासकांनी तिच्यावर लिहिलेलं होतं, मालक कोण ते माहीत होतं. रूप तर आहेच, पण एवढे पैसे लावायची हिंमत येते ती या कागदांमुळे. बिनकागदाचा बैल तुम्ही उद्या विकायला गेलात तर नावाजलेलं ऑक्शन हाउस हात लावणार नाही, युरोपात न्यायचा म्हटलं तर जून २०२५ पासून अडीचशे वर्षांपेक्षा जुन्या उत्खननातल्या वस्तूंना आयातीचं लायसन्स लागतं आणि ते मिळवायला परत तेच कागद. म्हणजे विकायचा तर तुमच्यासारखाच कोणीतरी भाबडा मुलगा शोधावा लागेल, ज्याच्या बाबांची पंच्याहत्तरी आहे.

बॅगेत टाकून ठाण्याला नेण्याचं तर डोक्यातून काढूनच टाका. कस्टम्सला सांगितलं तर कागद दाखवा म्हणणार, आणि सांगितलं नाही तर ती सरळ चोरटी आयात. समजा सुखरूप घरी पोचला, तरी १९७२ च्या आपल्या कायद्यात शंभर वर्षांवरची मूर्ती म्हणजे पुरावस्तू, तिची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी आली, आणि परत देशाबाहेर काढायची म्हटली तर ते जवळजवळ अशक्य. पंच्याहत्तरीच्या माणसाला हे सगळं भेट म्हणून देणार का तुम्ही? त्यांच्या दारात माणूस आला चौकशीला तर ते काय सांगतील, मुलाने हॅरोहून आणला?

आणि एक गोष्ट, रागावू नका. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनच्या देवळातला नटराज चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीत पोचला होता, २००८ मध्ये त्यांनी तो पन्नास लाख डॉलरच्या आसपास देऊन घेतला, तोही खोट्या कागदांवर, आणि २०१४ मध्ये परत आला तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले. बगदादच्या माणसाला त्याच्या बैलाबद्दल तसंच वाटत असणार की नाही.

बाबांना दायमाबाद माहीत असेलच, नसलं तर त्यांच्याशी बोलायला हा मस्त विषय आहे. आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये एका गावकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझची चार शिल्पं सापडली, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ हाकणारा माणूस, सगळी मिळून साठ किलोच्या वर. कोणी लंडनला विकली नाहीत, ती सरकारकडे आली, पुढे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी तिथे मोठं उत्खननही केलं. आणि तरीसुद्धा त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचे वाद झालेच, कोणी उत्तर हडप्पा काळातली म्हणतं, कोणी धातूतल्या आर्सेनिकवरून शंका काढतं, कारण ती उत्खननाच्या थरात मिळाली नव्हती, नुसती खणताना मिळाली. गाव माहीत, झुडूप माहीत, तरी ही अवस्था.

मग द्यायचं काय बाबांना? माझं ऐकाल तर व्हिसा आणि तिकीट. ब्रिटिश म्युझियममध्ये जायला पैसे पडत नाहीत, खोली क्रमांक ५६ मध्ये मेसोपोटेमिया आहे, उबैदचा तो गरुडाचा फलक, उरच्या थडग्यांतल्या वस्तू, सगळं बघायला दोन दिवस द्या, एक दिवस पुरत नाही, आणि त्यांना घाई करू नका, त्यांना तुम्हाला शिकवू द्या. थंडीत लंडन नको म्हणाले तर ठाण्याहून लोकल पकडून सीएसएमटी, तिथून काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे निमरूदच्या राजवाड्याचे खरे कोरीव दगड आहेत, बऱ्याच मुंबईकरांना पत्ताच नाही. लेयार्डच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जायच्या आणि १८४८ मध्ये तर मुंबईच्या गोदीत त्या उघडून लोकांनी आतली शिल्पं बघितली होती. हातात काही द्यायचंच असेल तर म्युझियमच्या दुकानातली एखादी प्रतिकृती द्या, बाबा वर्गात न्यायचे तशी नातवंडांना दाखवतील, आणि तिच्या पावतीवर प्रतिकृती असंच लिहिलेलं असेल.

आता तुमच्या ३०० पाउंडांचं. डीलरला आज ईमेल करा, फोन नको, लेखी पाहिजे. विचारा, वस्तू कोणत्या देशातून, कोणत्या साली बाहेर पडली, १९९० च्या आधीचा कोणता कागद आहे त्याची कॉपी पाठवा, स्विस फॅमिलीचं नाव काय, चोरीच्या कलावस्तूंची यादी ठेवणाऱ्या आर्ट लॉस रजिस्टरचं सर्टिफिकेट आहे का, आणि भरीव बैलाची टीएल टेस्ट कशी झाली. "क्लायंटची गोपनीयता" असं उत्तर आलं तर समजून जा. इंटरपोलचं आयडी-आर्ट नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात फोटो टाकून चोरीच्या यादीत बघता येतं, बघा जरूर, पण तिथे किंवा आर्ट लॉस रजिस्टरमध्ये नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, गेल्या वर्षी रात्री उकरलेल्या वस्तूची तक्रार कोण देणार, ती कुठल्याच यादीत नसते. आणि इराकसाठी संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची रेड लिस्ट आहे, कुठल्या प्रकारच्या वस्तू धोक्यात आहेत त्याचे फोटो असतात, तीही चाळा. उत्तरं वाचून पोटात गोळा आला तर मेट्रोपॉलिटन पोलिसांचं आर्ट अँड अँटिक्स युनिट तिथेच आहे, त्यांना कळवा. बैल मात्र अजिबात ताब्यात घेऊ नका, "दोन दिवस घरी ठेवून बघा" म्हणाला तरी नाही.

टोकन कसं दिलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. डीलर रीतसर धंदा करणारा असेल आणि सगळा व्यवहार ऑनलाइन किंवा फोनवर झाला असेल तर ब्रिटनमध्ये वस्तू हातात आल्यावर चौदा दिवसांपर्यंत कारण न देता रद्द करता येतो, आली नसेल तर आत्ताच करा आणि टोकन परत मागा. देत नसेल आणि तुम्ही क्रेडिट कार्डाने दिलं असेल तर कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडे क्लेम टाका, किंमत शंभर पाउंडांच्या वर आणि तीस हजारांच्या आत असली की ते लागू होतं, टोकन तेवढं कार्डावर असलं तरी चालतं, आणि भरीव बैलाचा टीएल रिपोर्ट हा पुरावा म्हणून जोडा. बँक ट्रान्सफरने दिलं असेल तर परत मिळणं कठीण आहे, मागून बघा, नाही मिळाले तर तीनशे गेले आणि सहा हजार दोनशे राहिले, त्यात बाबांचं तिकीट येतं, आईंचंही.